हॉटेल व्यवसायाच्या मागण्या: निवेदन कोणाकडे द्यायचं आणि त्यात काय लिहायचं

प्रश्न थोडक्यात असा: जिल्ह्यातल्या हॉटेलचालकांची संघटना दर वर्षी खासदार, पालकमंत्री आणि पर्यटन मंत्रालयाला १४-१५ मागण्यांचं निवेदन देते. जीएसटी, वीजदर, परवाने, परमिट रूमचा कर, ऑनलाइन बुकिंग कंपन्यांचं कमिशन, बँकेचं कर्ज असं सगळं त्यात असतं. पोच मिळते, फोटो निघतो, पुढे काही होत नाही. चुकतं कुठे?

चुकतं ते पत्त्यात. या सगळ्या मागण्या एका टेबलावर सुटणाऱ्या नाहीत, आणि पर्यटन मंत्रालयाच्या टेबलावर तर त्यातली जवळपास एकही सुटत नाही. राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीत पर्यटन हा विषय स्वतंत्रपणे कुठेच नाही. ‘धर्मशाळा आणि त्यांचे चालक’ या अर्थाची नोंद राज्यसूचीत ३१ व्या क्रमांकावर आहे. मद्य राज्यांकडे, वीज समवर्ती सूचीत, जीएसटी परिषदेकडे, मालमत्ता कर महापालिका-नगरपालिकेकडे, कर्जाचे निकष अर्थ मंत्रालय आणि रिझर्व्ह बँकेकडे. पर्यटन मंत्रालय फार तर शिफारसपत्र देऊ शकतं. म्हणून पहिलं काम म्हणजे त्या १४ मागण्या फोडणं. प्रत्येक मागणीपुढे एकच गोष्ट लिहा: कोणत्या कागदातली कोणती ओळ बदलली की ही अडचण दूर होते? अधिसूचना, दरनिश्चितीचा आदेश, शासन निर्णय, कायद्याचं कलम, यापैकी काय? ओळ सापडत नसेल तर ती मागणी अजून तयार झालेली नाही, ती तक्रार आहे.

जीएसटीपासून सुरुवात करू, कारण सर्वांत जास्त पैसा तिथे अडकतो आणि सर्वांत जास्त गोंधळही तिथेच आहे.

२२ सप्टेंबर २०२५ पासून दिवसाला ७,५०० रुपयांपर्यंतच्या खोलीवर ५ टक्के कर आहे, पण इनपुट टॅक्स क्रेडिट (खरेदीवर भरलेला कर विक्रीवरच्या करातून वजा करण्याची सोय) मिळत नाही. त्याआधी १२ टक्के होता आणि क्रेडिट मिळत होतं. ७,५०० च्या वर १८ टक्के, क्रेडिटसह. ‘क्रेडिट गेलं, व्यवसाय बुडाला’ एवढंच निवेदनात लिहिलं तर अधिकारी ते बाजूला ठेवतो, कारण सगळ्यांचं सारखं नुकसान झालेलं नाही हे त्याला माहीत असतं. हिशेब मांडून दाखवा. ३,००० रुपयांची खोली घ्या. पूर्वी पाहुणा ३,३६० देत होता, आता ३,१५० देतो, म्हणजे त्याचे २१० वाचले. हॉटेलच्या बाजूला पाहा. बुकिंग ऑनलाइन पोर्टलवरून आलं आणि कमिशन १८ टक्के धरलं तर ५४० रुपये, त्यावरचा जीएसटी ९७ रुपये २० पैसे. बाहेरची लाँड्री, एसीची देखभाल, किरकोळ दुरुस्ती मिळून त्या खोलीवर २०० रुपये खर्च आणि १८ टक्के कर धरला तर आणखी ३६ रुपये. हे १३३ रुपये पूर्वी वजा होत, आता खर्चात जातात. ते वसूल करायला भाडं ३,१३३ केलं तर पाहुण्याला सुमारे ३,२९० पडतात. करकपातीचा उद्देश पाहुण्याला २१० रुपयांचा दिलासा देण्याचा होता, हातात पडतात ७०. वाढीव भाड्यावरचं वाढीव कमिशन यात धरलेलं नाही. हा मुद्दा अर्थखात्याला कळतो, कारण तो त्यांच्याच उद्देशाबद्दल आहे.

याच हिशेबाची दुसरी बाजूही कागदावर यायला हवी. स्वतःच्या जागेत, घरच्या माणसांवर चालणाऱ्या आणि थेट फोनवर बुकिंग घेणाऱ्या लॉजला या बदलाचा फायदाच झाला आहे. मजुरीवर जीएसटी नाही, विजेवर नाही, भाजीपाल्यावर नाही. तिथलं क्रेडिट पूर्वीही नव्हतं. इमारत बांधण्यावरच्या कराचं क्रेडिट तर जीएसटी कायद्याच्या कलम १७(५) खाली आधीपासूनच बंद आहे. खरा फटका बसतो तो भाडेपट्ट्यावर चालवलेल्या हॉटेलला. महिना २ लाख भाडं असेल तर त्यावरचे ३६,००० रुपये दर महिन्याला बुडीत. दुसरा फटका नुकतंच नूतनीकरण केलेल्यांना: गाद्या, फर्निचर, एसी, टीव्ही यावर भरलेला कर आता वसूल होत नाही. ज्यांचा दर हंगामात ७,५०० च्या वर आणि एरवी खाली असतो त्यांना जीएसटी नियम ४२ नुसार क्रेडिट प्रमाणात उलटवावं, म्हणजे परत सोडावं लागतं, दर महिन्याला आणि वर्षअखेरीस पुन्हा. एका लेखापालावर चालणाऱ्या ३० खोल्यांच्या हॉटेलात या हिशेबात चुका होतात आणि मग नोटिसा येतात.

म्हणून ‘क्रेडिट परत द्या’ असं सरसकट मागू नका. ५ टक्के कर आणि वर पूर्ण क्रेडिट मागितलं तर भरलेला कर वसूल करापेक्षा जास्त होऊन परताव्याचे दावे उभे राहतात, आणि ते परिषदेला नको असतं. मागायचं असेल तर पर्याय मागा: ज्याला हवं त्याने वर्षाच्या सुरुवातीला घोषणापत्र देऊन १८ टक्के आणि क्रेडिट निवडावं, बाकीच्यांनी ५ टक्क्यांवर राहावं. मालवाहतूक करणाऱ्यांना असा पर्याय दिलेला आहे, म्हणजे पूर्वोदाहरण तयार आहे. हा पर्याय उपयोगी पडेल तो मुख्यतः कंपन्यांचे पाहुणे घेणाऱ्यांना, हेही स्पष्ट लिहा.

याहून जास्त तातडीची, आणि मिळण्याची शक्यता जास्त असलेली मागणी उपाहारगृहाची आहे. १ एप्रिल २०२५ पासून ‘विनिर्दिष्ट परिसर’ ही व्याख्या लागू झाली. मागच्या आर्थिक वर्षात त्या परिसरातली एक जरी खोली एका जरी दिवसासाठी ७,५०० च्या वर विकली गेली, तर पुढचं अख्खं वर्ष तिथल्या उपाहारगृहाला ५ ऐवजी १८ टक्के कर लागतो. महाबळेश्वरच्या किंवा अलिबागच्या २० खोल्यांच्या हॉटेलने ३१ डिसेंबरच्या रात्री ८,००० दर लावला, की एप्रिलपासून १५० रुपयांच्या थाळीवर साडेसातऐवजी २७ रुपये कर. शेजारच्या, खोल्या नसलेल्या खानावळीत ती थाळी १५७ रुपये ५० पैशांना आणि इथे १७७ ला. वर्षभरात ६० टक्के खोल्या भरल्या तर ४,३८० खोली-रात्री होतात; त्यातल्या २०, म्हणजे अर्ध्या टक्क्याहून कमी रात्रींमुळे वर्षभराच्या जेवणाचा दर ठरतो. मागणीची भाषा अशी हवी: ‘व्याख्येत “कोणतीही खोली” याऐवजी “विकलेल्या एकूण खोली-रात्रींपैकी २५ टक्क्यांहून अधिक” असे शब्द घालावेत.’ २५ वरून १० पर्यंत उतरायची तयारी ठेवा, वाटाघाटीला जागा राहू द्या. पण शब्द तुम्ही लिहून द्या. ज्याच्या हातात मसुदा असतो त्याचाच विचार आधी होतो. (तोपर्यंत सभासदांना एवढं सांगून ठेवा, की त्या एका रात्रीच्या जादा दरातून मिळणारी रक्कम वर्षभराच्या उपाहारगृहाच्या गिऱ्हाइकाशी ताडून बघा, मगच दर लावा.)

७,५०० ची रेषा २०१७ पासून तिथेच आहे. महागाई वर्षाला ५ टक्के धरली तरी ८ वर्षांत ती ११,००० च्या वर जायला हवी होती. शिवाय रेषेवरचा कडा पाहा: ७,५०० च्या खोलीला पाहुणा ७,८७५ देतो, ७,५०१ च्या खोलीला ८,८५१. एका रुपयाच्या दरवाढीवर ९७६ रुपये. निवेदनात हे एक वाक्य पुरेसं आहे.

या मागण्या पाठवायच्या कुठे? जीएसटी परिषदेत केंद्राचं मत एक तृतीयांश, सर्व राज्यांचं मिळून दोन तृतीयांश, आणि निर्णयाला तीन चतुर्थांश बहुमत लागतं. एकटं केंद्र काही करू शकत नाही, राज्यंही केंद्राशिवाय करू शकत नाहीत. दराचे प्रस्ताव आधी फिटमेंट समितीकडे जातात आणि तिच्यात केंद्र व राज्यांचे कर अधिकारी असतात. म्हणून निवेदनाच्या दोन प्रती: एक राज्याच्या वस्तू व सेवा कर आयुक्तांना, माझगावला, दुसरी दिल्लीत अर्थ मंत्रालयाच्या महसूल विभागातल्या टॅक्स रिसर्च युनिटला. खासदाराला भेटाच, पण त्यांच्या हातात हाच कागद द्या, वेगळा नको. राष्ट्रीय स्तरावर १९५४ पासूनचा हॉटेल व उपाहारगृहांचा महासंघ आहे आणि त्याची पश्चिम भारताची शाखा महाराष्ट्र-गोव्यासह या भागासाठी काम करते. जिल्ह्याचं निवेदन त्यांच्यामार्फत गेलं तर वजन वाढतं. मात्र त्यांना मागण्यांची यादी पाठवू नका, आकडे पाठवा. त्यांच्याकडे मोठ्या साखळ्यांचे आकडे असतात, तालुक्याच्या गावातल्या १५ खोल्यांच्या लॉजचे क्वचितच असतात.

कंपन्यांच्या पाहुण्यांबाबत एक जुनी अडचण आहे, ती वेगळ्या कागदावर ठेवा, कारण तिला कायद्यातच दुरुस्ती लागते. निवासाच्या सेवेचं स्थान म्हणजे हॉटेल जिथे आहे ते राज्य, असं एकात्मिक जीएसटी कायद्याचं कलम १२(३) सांगतं. पुण्याच्या कंपनीने इंदूरच्या हॉटेलात परिषद (कॉन्फरन्स) भरवली तर बिलावर मध्य प्रदेशचा कर लागतो आणि तिथे नोंदणी नसल्याने कंपनीला क्रेडिट मिळत नाही. १८ टक्के कर लागणाऱ्या अशा बिलावर हा मोठा तोटा आहे आणि लग्नसमारंभ-परिषदांचं काम परदेशात जाण्याचं ते एक कारण आहे. नोंदणीकृत ग्राहकाला एकात्मिक कर लावून बिल देण्याची मुभा मागा.

आता वीज. महाराष्ट्राने २०२० मध्ये आदरातिथ्य क्षेत्राला उद्योगाचा दर्जा जाहीर केला आणि १ एप्रिल २०२१ पासून वीज, पाणी, मालमत्ता कर औद्योगिक दराने आकारले जातील असं सांगितलं. तेव्हापासून प्रत्येक निवेदनात ‘निर्णयाची अंमलबजावणी करा’ ही ओळ असते. अडचण अशी, की शासन निर्णयाने वीजबिलावरचा वर्ग आपोआप बदलत नाही. वीज अधिनियम २००३ प्रमाणे दर आणि ग्राहकवर्ग ठरवण्याचा अधिकार राज्य वीज नियामक आयोगाचा आहे. शासनाला आयोगाच्या दराबाहेर सवलत द्यायची असेल तर कलम ६५ नुसार तेवढी रक्कम वितरण कंपनीला आगाऊ भरावी लागते. म्हणजे दोनच रस्ते आहेत. एक, अर्थसंकल्पात त्या सवलतीसाठी तरतूद. दुसरा, दरनिश्चितीच्या सुनावणीत वर्ग बदलून घेणं.

सुनावणीचा रस्ता लांबचा आहे, पण खात्रीचा आहे. वितरण कंपनी दरवाढीची याचिका करते तेव्हा वर्तमानपत्रात जाहीर नोटीस येते. हरकती-सूचनांची मुदत त्यात असते. मुदतीत लेखी हरकत द्यायची, तिची प्रत वितरण कंपनीला दिल्याची पोच जोडायची आणि सुनावणीत तोंडी मांडायची. हरकतीचा पाया कलम ६२(३) ठेवा: आयोग भार घटक (कमाल मागणीच्या तुलनेत सरासरी वापर किती), पॉवर फॅक्टर, विजेचा दाब, वापराची वेळ, एकूण वापर, भौगोलिक स्थान, पुरवठ्याचं स्वरूप आणि विजेचा उद्देश यांवरच ग्राहकाग्राहकांत फरक करू शकतो. ‘आम्ही रोजगार देतो’ हे तिथे चालत नाही. २४ तास चालणाऱ्या हॉटेलचा भार घटक १२ तास उघड्या असलेल्या कापड दुकानापेक्षा चांगला असतो, हे चालतं. त्यासाठी २५-३० सभासदांची १२ महिन्यांची बिलं गोळा करा आणि मंजूर भार, कमाल मागणी, युनिट, भार घटक असा तक्ता करा. लघुदाबवाले आणि उच्चदाबवाले वेगळे ठेवा. लघुदाबात हॉटेलं आज बिगरघरगुती-वाणिज्यिक वर्गात येतात आणि उच्चदाबात वाणिज्यिक वर्गात. हेही आधीच तपासा की औद्योगिक वर्गात गेल्यावर दिवसाच्या वेळेनुसारच्या दराचा परिणाम काय होतो. सवलत दिवसा उन्हाच्या वेळेत आणि जादा आकार संध्याकाळनंतर, आणि हॉटेलचा भार नेमका संध्याकाळी. नुसत्या प्रतियुनिट दराच्या फरकावर बचत काढली तर ती फुगलेली निघते, आणि कंपनीचा वकील तो आकडा सुनावणीत दोन मिनिटांत मोडतो.

मालमत्ता करासाठी मंत्रालय नाही, महापालिकेची स्थायी समिती आणि सर्वसाधारण सभा. करदराचा ठराव अर्थसंकल्पाआधी होतो, त्यामुळे डिसेंबरच्या आत कागद पोचला पाहिजे.

परमिट रूमच्या कराबाबत महाराष्ट्रात १४ जुलै २०२५ ला बंद पाळला गेला. टेबलावर दिल्या जाणाऱ्या मद्यावरचा व्हॅट ५ वरून १० टक्के झाला होता, परवाना शुल्क वाढलं होतं आणि भारतीय बनावटीच्या विदेशी मद्यावरचं उत्पादन शुल्क जूनमध्ये मोठ्या प्रमाणात वाढवलं गेलं. बंदने राग दिसला. पण उत्पादन शुल्क हा राज्याच्या तिजोरीचा मोठा आधार आहे. तिथे मागणी टिकते ती महसुलाच्याच भाषेत. ग्राहक परमिट रूममधून उठून वाइन शॉपमधून बाटली नेऊ लागला तर राज्याला टेबलावरचा व्हॅट मिळतच नाही, आणि उघड्यावर पिणं वाढतं ते वेगळं. हे सिद्ध करायला प्रत्येक सभासदाच्या नोंदवहीतली वाढीआधीच्या आणि नंतरच्या त्याच महिन्यांतली उचल आणि भरलेला व्हॅट द्या. नूतनीकरण न झालेल्या परवान्यांची जिल्हावार संख्या राज्य उत्पादन शुल्क विभागाकडून माहितीच्या अधिकारात मिळते.

काही अडचणींना कायदा बदलावा लागतच नाही, स्पष्टीकरण पुरतं. महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्याने उपाहारगृहांना २४ तास व्यवसायाची मोकळीक होती. तरी रात्री पोलीस बंद करायला लावत. ऑक्टोबर २०२५ मध्ये शासनाने मद्यविक्रीची ठिकाणं वगळून इतरांना ही मुभा असल्याचा शासन निर्णय काढला. अशा मागण्या शोधा. त्या स्वस्त असतात, कोणाचा महसूल जात नाही, एका सहीने सुटतात.

कर्जाबाबत ओळ आहे केंद्राच्या पायाभूत क्षेत्रांच्या सुसूत्रित यादीत; या यादीतल्या प्रकल्पांना दीर्घ मुदतीचं कर्ज मिळणं सोपं जातं. १० लाखांहून जास्त लोकसंख्येच्या शहरांबाहेरची तीन तारांकित किंवा वरची हॉटेलं आणि २०० कोटींहून मोठे प्रकल्प त्या यादीत येतात. २०२५-२६ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात ५० निवडक पर्यटनस्थळांवरची हॉटेलंही यादीत घेण्याची घोषणा झाली. २०० कोटींची अट १० कोटींवर आणा ही उद्योगाची जुनी मागणी आहे. जिल्ह्याच्या दृष्टीने तारांकनाची अट जास्त अडवणारी आहे, कारण वर्गीकरण ऐच्छिक आहे आणि बहुतेक लहान हॉटेलं त्यात जातच नाहीत. तुमचं स्थळ त्या ५० मध्ये यावं यासाठी राज्याच्या पर्यटन विभागाकडे जमीन आणि रस्त्यांच्या तपशिलासह प्रस्ताव देणं हे निवेदनापेक्षा उपयोगी. तोवर सभासदांची उद्यम नोंदणी (सूक्ष्म, लघु किंवा मध्यम उद्योग म्हणून केंद्राकडची नोंद) करून घ्या. १ एप्रिल २०२५ पासून गुंतवणूक २५ कोटी आणि उलाढाल १०० कोटींपर्यंत ‘लघु’ वर्ग आहे. कंपन्या आणि ट्रॅव्हल एजंट बिलं थकवतात तेव्हा सूक्ष्म-लघु उद्योगाला ४५ दिवसांत पैसे देण्याचं बंधन त्यांच्यावर येतं.

ऑनलाइन पोर्टलच्या अटींसाठी मंत्र्याकडे जाऊन उपयोग नाही, तिथे स्पर्धा आयोग आहे. राष्ट्रीय महासंघाच्या तक्रारीवर आयोगाने १९ ऑक्टोबर २०२२ ला मेकमायट्रिप-गोआयबिबो आणि ओयो यांना मिळून ३९२ कोटींचा दंड केला आणि हॉटेलला इतरत्र कमी दर देण्यास मनाई करणाऱ्या दरसमानतेच्या अटी करारांतून काढायला सांगितलं. ते घडलं करारातल्या कलमांमुळे. कमिशन जास्त आहे एवढ्यावर आयोग हात घालत नाही. सभासदांचे करार आणि पोर्टलचे ईमेल जपून ठेवायला सांगा. याउलट सेवाशुल्काच्या लढाईत ग्राहक संरक्षण प्राधिकरणाच्या २०२२ च्या मार्गदर्शक तत्त्वांविरुद्ध गेलेल्या दोन संघटना २८ मार्च २०२५ ला दिल्ली उच्च न्यायालयात हरल्या आणि प्रत्येकी १ लाखाचा खर्च त्यांच्यावर बसला. जिथे ग्राहक समोर उभा असतो ती बाजू घेताना दहादा विचार करावा, कारण बाकी मागण्यांवरची सहानुभूतीही त्यात खर्च होते.

आकडे गोळा करताना एक धोका सांभाळा. संघटनेच्या बैठकीत सभासदांचे चालू किंवा पुढचे दर कागदावर मांडले गेले तर ते स्पर्धा अधिनियमाच्या कलम ३ खाली संगनमत ठरू शकतं. माहिती एका बाहेरच्या सनदी लेखापालाकडे थेट जावी, जुनीच असावी आणि संघटनेला फक्त एकत्रित बेरजा मिळाव्यात. प्रत्येक हॉटेलमागे एक पान पुरे: खोल्या, महिनावार भरलेल्या खोली-रात्री, पोर्टलवरून आलेलं प्रमाण, जीएसटीआर-३बी मधला भरलेला कर आणि सोडावं लागलेलं क्रेडिट, विजेची युनिट, कायम आणि हंगामी कामगार, त्यातल्या स्त्रिया किती.

वेळापत्रक असं ठेवा. केंद्रीय अर्थसंकल्पासाठीच्या सूचना ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये पोचाव्यात. जानेवारीत दिलेलं निवेदन फक्त फोटोपुरतं उरतं. राज्यासाठी डिसेंबर, म्हणजे नागपूर अधिवेशनाच्या सुमारास. एका कागदावर एकच मागणी, दोन पानांच्या आत: आजची तरतूद, तिच्यामुळे होणारं नुकसान, हवे असलेले नेमके शब्द, आणि महसुलावर होणारा परिणाम. शेवटचा भाग बहुतेक जण गाळतात. अधिकारी मात्र आधी तोच शोधतो. महसूल कमी होणार असेल तर किती, ते तुम्हीच लिहा.

दिल्यानंतर ३० दिवसांनी माहितीच्या अधिकारात त्या निवेदनावरची टिपणी मागा. नकाराचं कारण कळलं की पुढचा कागद त्या कारणालाच उत्तर देणारा लिहिता येतो. टिपणीच झालेली नसेल तर आमदारांकरवी तारांकित प्रश्न विचारायला लावा. त्यासाठीही प्रश्नाचा मसुदा तुम्हीच द्यायचा, आणि त्यात विभागाचं नाव, निवेदनाची तारीख आणि आवक क्रमांक असला पाहिजे.